अकरातल्या दोन बॅटऱ्या

बार्शीटाकळीहून साडेचार महिन्यांनी रागिणी अमरावतीच्या घरी परतली आणि खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली न ठेवता सरळ आतल्या खोलीत गेली. वाकून दिवाणाखाली पाहिलं. तिथे पाहुण्यांच्या गाद्या होत्या, एक जुनी सूटकेस होती. लोखंडी पेटी नव्हती.

"माही पेटी कुठं हाय?" तिने तिथूनच विचारलं.

"आताच आली, पाणी तं पे आधी," बाहेरून श्रावण म्हणाला. श्रावण तिचा नवरा.

"पेटी कुठं हाय?"

"मागं शेडमधी हाय. कुठं पयाली का थे?"

शेड म्हणजे मागच्या अंगणातली, वरून आणि चारी बाजूंनी पत्र्याची खोली. जूनचा पहिला आठवडा होता. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी त्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मे महिनाभर आत काय झालं असेल याचा विचार मनात आला आणि रागिणी दारातच थांबली.

रागिणी एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वय एक्केचाळीस. कॉलेजात शिकत असताना नागपूरला एनसीसीच्या शिबिरात तिने रेडिओवर चालणारं छोटं विमान पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून ते वेड सुटलं नव्हतं. थर्माकोल आणि हलकं लाकूड कापून ती स्वतः विमानं बनवायची. रविवारी सकाळी स्कूटीवर बांधून वलगावच्या पुढे न्यायची. तिथे गुरं चारायचा सरकारी माळ आहे, सगळे त्याला ई-क्लास म्हणतात. गुराखी तिला ओळखत होते. विमान उतरताना ते आपली जनावरं बाजूला घ्यायचे.

या विमानांना लिपो बॅटऱ्या लागतात. बिस्किटाच्या पुड्याएवढी, हलकी, दोन जाड वायरींची वस्तू. दिसायला साधी, पण अंगात ताकद फार, आणि तितकीच नाजूक. काठोकाठ भरून महिनोन्‌महिने ठेवली तर आतून बिघडते. पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. ऊन लागलं तर फुगते. फुगलेलीला टोचलं, दाबलं, तर पेट घेते. पाच-सहा महिने वापरायची नसेल तर तिला मधोमध आणून ठेवावं लागतं, दर सेलला तीन पॉइंट आठ व्होल्ट, आणि मग थंड जागी विसरून जावं लागतं. हे सगळं रागिणीला पाठ होतं. तिच्याजवळ अशा अकरा बॅटऱ्या होत्या, आठ-नऊ वर्षांत एकेक करून जमवलेल्या.

जानेवारीत तिची आई, पार्वताबाई, बार्शीटाकळीच्या घरात न्हाणीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्यात ऑपरेशन झालं. पुढे चार महिने तिला उठवायला, बसवायला, चालवायला माणूस हवं होतं, आणि रागिणीशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तिने रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारभर चार्जर लावून बसली. अकराही बॅटऱ्या एकेक करून तीन पॉइंट आठवर आणल्या. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली, खाली आकडा लिहिला. लोखंडी पेटीच्या तळाला वाळू पसरली, बॅटऱ्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडल्या, झाकणाच्या आतून सूचनांची चिठ्ठी लावली, आणि आत गॅस झाला तर कोंडू नये म्हणून कडी मुद्दाम लावली नाही. पेटी उत्तरेकडच्या खोलीत दिवाणाखाली सरकवली. त्या खोलीत ऊन येत नाही, उन्हाळ्यात कूलर चालतो.

मग तिने श्रावणला बोलावून सांगितलं होतं.

"याले हात लावू नका. चार्ज करू नका, इथून हालवू नका. मार्चमधी मी फोन करीन, तवा मीटर लावून आकडा सांगजा. बस."

श्रावण हसला होता. बडनेरा रोडवर त्याचं बॅटरीचं दुकान होतं. इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या, ऑटोच्या, मोठ्या जड बॅटऱ्या. "मले बॅटरी शिकवून रायली का तू? बावीस वर्सं झाले."

"तुमची बॅटरी येगळी, हे येगळी. तुमची भरून ठेवा लागते. हे भरून ठेवली का खराब होते."

"अर्धी भरलेली बॅटरी बसते, रागिणी. प्लेटा जाते तिच्या. कोणालेबी इचार."

"हिच्यात प्लेटाच नाही तशा. तुमी फक्त हात लावू नका."

"बरं, बरं."

हे 'बरं, बरं' रागिणीला आता शेडच्या दारात ऐकू आलं.

पेटी सगळ्यात वरच्या फळीवर होती, छताच्या पत्र्याला जवळजवळ टेकून. तिने स्टुलावर चढून ती हळूच उतरवली, दोन्ही हातांनी अंगणात नेली, कडुनिंबाच्या सावलीत मातीवर ठेवली आणि मगच झाकण उचललं. झाकण आतून कोणीतरी धरल्यासारखं अडलं. जरा जोर लावल्यावर उघडलं.

आत बॅटऱ्या राहिल्या नव्हत्या, गाठोडी झाली होती. वरचं प्लास्टिक ताणून ताणून चिरलं होतं. दोन एकमेकींवर चढल्या होत्या. वास सुटला होता, गोडसर, नेलपॉलिशसारखा. तिने घरातून मीटर आणला आणि दुरून, हात लांब करून, एकीला लावला. दर सेलला चारच्या वर आकडा आला. दुसरीला लावला. तोच आकडा.

म्हणजे भरल्या होत्या. काठोकाठ भरल्या होत्या.

"तुमी चार्ज केल्या?" ती ओरडली.

श्रावण मागच्या दारात येऊन उभा राहिला. पेटीत डोकावून त्याने तोंड वाकडं केलं. "हाव, केल्या. तुयाच चार्जरवर केल्या. दर महिन्याले टॉप-अप मारला. ताज्या राहतीन म्हणून केलं, वाईट म्हणून नाई केलं."

"मी सांगून गेली होती का नाही? झाकणाच्या आतून चिठ्ठी लावली होती का नाही?"

"चिठ्ठीचं काय घेऊन बसली! बावीस वर्सं बॅटरी पाह्यतो मी."

"अन् शेडमधी काहून नेली?"

"मार्चमधी मामाच्या पोरीच्या लग्नाचे पाहुणे होते ना घरी. गाद्या ठेवाले जागा पायजे होती." तो जवळ आला, समजुतीच्या सुरात म्हणाला, "काहून येवढी तापून रायली? खेळण्याच्या बॅटऱ्या हायेत, रागिणी. दुसऱ्या घेऊ."

खेळण्याच्या. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. दुकानातलं गिऱ्हाईक बॅटरीबद्दल दोन शब्द बोललं तर हा माणूस खुर्ची देऊन ऐकून घ्यायचा. घरातल्या बाईने सांगितलं की ते खेळणं. तिने बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने आधी पेटीतल्या बॅटऱ्या मोजल्या.

नऊ.

"दोन कुठं हायेत?"

"त्या लयच फुगल्या होत्या. फेकल्या."

"कुठं फेकल्या?"

"कचऱ्यात. अजून कुठं फेकतात?"

"कवा?"

"मे महिन्यात कवातरी. आता बस कर ना." तो आत वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं, हे रागिणीच्या लक्षात आलं, पण त्या वेळी तिला त्याचं कारण कळलं नाही. तिने लोखंडी घमेल्यात वाळू भरली, नऊही बॅटऱ्या एकेक करून त्यात मांडल्या, वरून वाळू पसरली आणि घमेलं भिंतीपासून लांब, मोकळ्या सावलीत विटांवर ठेवलं. त्या दिवशी ती श्रावणशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घंटागाडी आली. रागिणी डबे घेऊन फाटकात गेली, तर गाडीच्या मागे भलतीच बाई उभी होती. या गल्लीत सहा वर्षं चंदाबाई यायची. उंच, काटक, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि ओला-सुका एकत्र दिसला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात झापणारी. समोरच्या गोदाबाई आपलं अंगण झाडत होत्या. रागिणीने त्यांना विचारलं, "चंदाबाई नाई का आता?"

"तिले काढलं ना बाई. तुले मालूमच नसंन, तू आईपाशी होती." गोदाबाई झाडू टेकून उभ्या राहिल्या. "मे महिन्यात गाडी पेटली तिची. इथंच, तुमच्या फाटकापाशी. कचरा ओढाच्या लोखंडी आकड्यानं पिशवी फाडली तिनं, अन् भपकन जाळ झाला. पांढरा धूर गल्लीभर. नाक धरून पयालो आमी. हात भाजला बिचारीचा, इथपर्यंत." त्यांनी कोपराला हात लावून दाखवला. "अन् मुकादम आला तं तिलेच बोलला. म्हने, बिडी पेली असंन तूनं, थेच पडली कचऱ्यात. बिडी! थे बाई खर्रा खाते, तिले बिडी पेताना कोणं पाह्यली? पण कोण आयकते. कंत्राटदारानं काढून टाकली."

रागिणीच्या हातातला डबा तसाच राहिला. गाडी पुढे निघून गेली.

"आमच्या घरचं कोणी होतं तवा?"

"श्रावणभाऊच तं होते! फाटकातच उभे. त्याईनंच बादलीभर पाणी टाकलं तिच्या हातावर. नाई तं अख्खा हात गेला असता."

रागिणी घरात आली. श्रावण स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होता.

"चंदाबाईची गाडी पेटली थे पिशवी आपली होती?"

त्याने कप तोंडापासून खाली घेतला.

"हाव."

"तवाच समजलं होतं तुमाले?"

"धूर पाह्यला तवा समजलं."

"मुकादम बिडी म्हणला तवा तुमी तथीच होते?"

"होतो."

"मंग?"

"मंग काय सांगू त्याले?" श्रावणचा आवाज चढला. "बॅटरीचं दुकान हाय मायं! याच्या घरच्या बॅटऱ्या पेटते, असं गावभर झालं तं कोण येईन दुकानात? अन् मी पाणी टाकलं ना. दवाखान्याच्या ऑटोत मी बसवून देल्ली तिले. तथी उभा राहून तमाशा नाई पाह्यला मी."

"तिचं काम गेलं."

"थे मुकादमानं केलं. मी केलं का?"

रागिणीने त्याच्या हातातून कप ओढून घेतला आणि ओट्यावर आपटला. कपाचा कान तुटून तिच्या बोटांत राहिला. चहा तिच्या पदरावर, त्याच्या सदऱ्यावर उडाला. सतरा वर्षांत तिने या घरात एक भांडं आपटलं नव्हतं. श्रावण एक पाऊल मागे सरकला.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"चंदाबाईच्या घरी."

"येडी झाली का तू? मी नाई येत."

"मी चालली."

गोदाबाईंकडून पत्ता घेऊन ती गेली. रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत, हातपंपाच्या मागचं तिसरं घर. चंदाबाई दारातच बसली होती. मांडीवर सूप, सुपात ज्वारी. उजव्या हाताने निवडत होती, सूप डाव्या कोपराने दाबून धरलं होतं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत, ताणलेल्या कातडीचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं.

तिने रागिणीला ओळखलं. "बसा म्हणाले चटई नाई," ती म्हणाली, पण आवाजात वैर नव्हतं. "आई कशी हाय तुमची?"

रागिणी उभीच राहिली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही तोंडात येईना. शेवटी तिने सरळच सांगितलं. त्या पिशवीत तिच्या विमानाच्या दोन बॅटऱ्या होत्या. चुकीच्या पद्धतीने भरलेल्या, उन्हात फुगलेल्या. आकडा लागला म्हणून पेटल्या. टाकल्या होत्या तिच्या नवऱ्याने.

चंदाबाईचा निवडणारा हात थांबला.

"पेटते, थे तुमाले मालूम होतं?"

"मले मालूम होतं. मी त्याईले सांगून गेली होती."

"अन् त्याईले? मालकाले?"

रागिणीला वाटलं, इथे खोटं बोलता येईल. नंतर कळलं असं म्हणता येईल. "त्याईले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली.

चंदाबाई सूप बाजूला ठेवून उठली. ती रागिणीपेक्षा वीतभर उंच होती.

"मी दवाखान्यात पडली होती तवा मालूम हाय, मी काय म्हणत होती? येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती, त्या माणसानं पाणी टाकलं म्हणून माया हात वाचला. देवमाणूस म्हणलं मी त्याले! त्याचं भलं होऊ दे म्हणलं. रोज म्हणलं!" तिचा आवाज फाटला. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. "अन् त्याच्यासमोर मुकादमानं मले बिडी-बिडी केलं. मी रडून-रडून सांगतलं, साहेब, मी बिडी पेत नाई. हा माणूस हातात रिकामी बादली घेऊन आयकत होता. आयकत होता का नाई?"

"आयकत होते."

"निघा इथून."

"चंदाबाई, मी मुकादमापाशी येते तुमच्यासंगं. लिहून देते."

"आता? हात असा झाल्यावर?" तिने तो हात रागिणीच्या तोंडासमोर धरला. "तुमी माया कामासाठी येऊन रायल्या का तुमच्या जीवाले बरं वाटाले?"

रागिणीने खाली पाहिलं नाही. "दोनीसाठी," ती म्हणाली.

चंदाबाई तिच्याकडे रोखून पाहत राहिली. मग तिने दोरीवरचा दुपट्टा ओढून खांद्यावर टाकला आणि दार लोटून घेतलं. "चाला. पण मायासंगं बोलू नका वाटेनं."

मुकादम गाड्या उभ्या करायच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली टेबल टाकून बसायचा. पन्नाशीचा, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर हजेरीचं रजिस्टर. रागिणीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"जाऊ द्या ना मॅडम. झालं थे झालं. दुसऱ्या वॉर्डातली बाई लावली आमी तथी. आता उकरून काय फायदा?"

"तुमी हिले बिडीचं नाव लावून काढलं. बिडी नव्हती. बॅटरी होती. तशाच नऊ अजून माया अंगणात वाळूत पुरून हायेत, या अन् पाहा." तिने पर्समधून वही काढली, उभ्या उभ्या अर्ज लिहिला. स्वतःचं नाव, पत्ता, कॉलेजचं नाव, सगळं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. खाली सही केली आणि कागद रजिस्टरवर ठेवला. "वरच्या साहेबाले द्या. तुमी नाई देल्ला तं मी देईन."

मुकादमाने कागद वाचला. "तुमी तं गावाले होत्या म्हणता. पाह्यलं नाई तुमी. मालकाचं काय म्हणणं हाय?"

"फोन लावा त्याईले."

त्याने नंबर घेतला, फोन लावला, आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडे दुकानातला गोंगाट होता, कोणीतरी ट्रॅक्टरच्या बॅटरीचा भाव विचारत होतं.

"श्रावणभाऊ का? मी वॉर्डाचा मुकादम बोलतो. तुमच्या मिसेस इथं आल्या हायेत, चंदाबाईबी हाय. मॅडम म्हणते का गाडीतली आग तुमच्या घरच्या बॅटरीनं लागली. खरं हाय का?"

गोंगाट तसाच होता. श्रावण बोलेना. मुकादमाने भुवया उडवून रागिणीकडे पाहिलं, म्हणजे, बघा. चंदाबाई फोनकडे पाहत होती, साप पाहावा तशी. हा माणूस आता नाही म्हणेल, आणि नाही म्हणाला तर आपण त्या घरात परत पाय ठेवणार नाही, असं तिच्या मनात स्पष्ट, कोरड्या शब्दांत आलं.

"हाव," फोनमधून आवाज आला. मग जरा मोठ्याने, दुकानातल्या माणसांनाही ऐकू जाईल असा, "मीच टाकली होती. बिडी-फिडी काही नव्हती."

"लिहून द्यान का?"

"देतो."

फोन बंद झाला. मुकादमाने कपाळ पुसलं. कागद आता दोन होणार होते आणि ते वर जाणार होते, हे त्याला समजलं होतं. तो चंदाबाईला म्हणाला, "पाह्यतो बाई मी. सांगतो कंत्राटदाराले. दुसऱ्या कोणत्या वॉर्डात..."

"दुसऱ्या नाई," चंदाबाई म्हणाली. "त्याच गल्लीत येईन मी. अन् त्या घरचा कचरा हे बाई नाई देणार. मालक देईन. रोज. मायासमोर उघडून."

मुकादम हसला. चंदाबाई हसली नाही. ती रागिणीकडे वळली. "देईन का?"

"देतीन," रागिणी म्हणाली.

त्या आठवड्यात घरात कामापुरतं बोलणं होत होतं. श्रावणने अर्ज लिहून दिला, ते रागिणीला मुकादमाकडूनच कळलं. रविवारी तिने सांगितलं की नऊ बॅटऱ्या घरात ठेवायच्या नाहीत, वलगावच्या माळावर नेऊन रिकाम्या करायच्या. काही न बोलता त्याने दुकानाची पिकअप काढली. घमेलं मागच्या उघड्या हौद्यात मधोमध ठेवलं, बाजूला वाळूची बादली. सगळ्या वाटेने त्याने गाडी वीसच्या वर नेली नाही.

माळावर तिने प्रत्येक बॅटरीला मोटारीच्या हेडलाइटचा जुना बल्ब लावला. लांब वायर, बल्ब एकीकडे, बॅटरी वाळूत, आणि माणसं दहा पावलं दूर. दिवस वर आला होता तरी बल्ब पांढरा दिसायचा. मग पिवळा, मग लाल, मग नुसती तार. एकेक बॅटरी मरायला वेळ लागत होता. श्रावण दगडावर बसून पाहत होता. त्याच्या कामातल्या बॅटऱ्या अशा मारायच्या नसतात.

"मार्चमधी मी फोन केला होता," रागिणी म्हणाली. "तीन पॉइंट आठ म्हणले तुमी. तवा त्या भरून शेडमधी होत्या. आकडा कुठून आणला?"

श्रावणने पायाजवळचा खडा उचलला. "बॅटरीवरच्या चिठ्ठीवर लिव्हला होता."

म्हणजे त्याने चिठ्ठी वाचली होती. मीटर न लावता, तिच्याच अक्षरातला आकडा तिलाच वाचून दाखवला होता, आणि तिने बार्शीटाकळीत आईचं अंग पुसता पुसता फोन खांद्याने धरून 'बरं झालं' म्हटलं होतं. रागिणीला कप आपटताना आला नव्हता तेवढा राग आता आला. पण माळावर आपटायला काही नव्हतं. ती सातव्या बॅटरीपाशी गेली, वायर सोडली आणि आठवीला लावली.

"चुकलंच मायं," मागून श्रावण म्हणाला.

"चुकलं नाई. खोटं बोलले तुमी. मायासंगं बोलले, अन् तिचा हात भाजला तवा गप्प बसूनबी खोटंच बोलले. चुकणं येगळं असते." ती वळली नाही. "बल्ब दुसरा द्या. हा गेला."

त्याने दुसरा बल्ब आणून दिला.

जूनच्या शेवटच्या सोमवारी चंदाबाई गाडीवर आली. रागिणी आठच्या प्रॅक्टिकलसाठी तयार होऊन ओसरीत चपला घालत होती. घंटा वाजली तेव्हा श्रावण दोन्ही डबे घेऊन फाटकात गेला. गाडी थांबली. चंदाबाई मागच्या पायरीवर उभी होती, डाव्या हातात रबरी मोजा, दोन बोटं त्यात नीट बसली नव्हती. समोर गोदाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. आणखी तीन-चार फाटकं उघडी होती.

"उघडा," चंदाबाई म्हणाली.

श्रावणने ओल्या कचऱ्याचं झाकण काढलं.

"हात घाला. खालून दाखवा."

त्याने गल्लीकडे पाहिलं, मग डब्याकडे. बाही वर सरकवली आणि हात घातला. आंब्याच्या साली, चहाचा चोथा, काल रात्रीचं वरण. तळापर्यंत हलवून दाखवलं. तिने मान हलवली. मग सुका डबा. प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, औषधाचं रिकामं पाकीट. तिने एकेक पिशवी उजव्या हाताने उचलून, दाबून, उन्हाकडे धरून पाहिली. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. तिने लक्ष दिलं नाही. सगळं पाहून झाल्यावर डबे गाडीत उलटे केले आणि त्याच्या हातात परत दिले.

"उद्या याच टायमाले," ती म्हणाली. तिने श्रावणच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि रागिणीकडेही नाही. गाडी पुढच्या फाटकावर गेली.

श्रावण कोपरापर्यंत बरबटलेला हात अंगापासून लांब धरून परत आला. ओसरीत रागिणीसमोर थांबला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"किती दिवस चालन हे?"

"थे चंदाबाईले इचारा," रागिणी म्हणाली. तिने स्कूटीची किल्ली खुंटीवरून घेतली आणि त्याला वळसा घालून बाहेर पडली.